कपड्यांपाशी कोण

मी एकदा एका माणसाचे कपडे घेऊन निघून गेलो होतो. तो माणूस तेव्हा पाण्यात होता. पाणी चौदा अंश होतं, शहर परकं होतं, तिथली भाषा त्याला येत नव्हती, आणि त्याची पॅन्ट, शर्ट, चपला, चष्मा, पासपोर्ट असं सगळं माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये होतं. दोन तासांनी मी परत आलो. वाट चुकलो होतो, असं मी त्याला सांगितलं. ते खोटं होतं.

हे आधीच सांगून टाकतो. कारण त्या माणसाच्या गमती सांगायला बसलो की मला थांबता येत नाही, ऐकणारा हसतो, आणि त्या हसण्याच्या आडोशाला मी आरामात बसून राहतो. तीन वर्षं मी हेच केलं.

बोर्डीच्या एका शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवत होतो, आणि हे गृहस्थ तिथे प्रयोगशाळा सहायक होते. सगळी शाळा त्यांना भाऊ म्हणायची, मीही भाऊच म्हणायचो. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, पण मी शिक्षक म्हणून ते मला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणत. मी कितीदा सांगून पाहिलं, त्यात फरक पडला नाही. काटक अंग, सावळा रंग, डोक्यावर मीठ भुरभुरावं तसे आखूड केस. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बांबूची एक बारीक नळी, आणि त्या नळीत थर्मामीटर.

थर्मामीटरला जाळ्याची नायलॉनची दोरी बांधलेली होती. कुठल्याही पाण्यात उतरण्याआधी भाऊ त्याचा आकडा घेत. समुद्र, तळं, विहीर, शाळेची टाकी. एकदा तर डहाणूच्या स्टँडवरच्या पाणपोईचा रांजण. त्या रांजणात ते उतरणार नव्हते, पण आकडा घेतलाच. दोरी सोडायची, दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग वर ओढून डोळ्यांसमोर धरायचं. त्या दोन मिनिटांत कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

'गार' आणि 'गरम' हे शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "गार म्हणजे किती, ते सांगा," असं ते म्हणत. एप्रिलमध्ये मुख्याध्यापक घाम पुसत "आज फार उकडतंय" म्हणाले की भाऊ प्रयोगशाळेच्या दारावरचा आकडा बघून येत आणि सांगत, "चौतीस. काल पस्तीस होतं." एवढ्यावर मुख्याध्यापकांना बरं वाटेल, अशी त्यांची खरोखर अपेक्षा असे.

हे आकडे लिहायला त्यांनी मुलांनी वर्षाअखेरीस टाकून दिलेल्या प्रयोगवह्या जमवल्या होत्या. कोऱ्या राहिलेल्या पानांवर पट्टीने रकाने आखलेले: दिनांक, ठिकाण, वेळ, अंश, कपड्यांपाशी कोण, शेरा. शेऱ्याचा रकाना कायम रिकामा असे. मी एकदा विचारलं, लिहायचंच नाही तर आखता कशाला? म्हणाले, "शेरा मारणं तुम्हा मास्तरांचं काम. आपण फक्त आकडा लिहायचा."

गंजाडला एका शेतकऱ्याच्या विहिरीत त्यांना उतरायचं होतं. घरात फक्त म्हातारी होती आणि ती काही उतरू देईना. भाऊंनी वाद घातला नाही. दोरी विहिरीत सोडली, दोन मिनिटं थांबले, आणि म्हणाले, "पंचवीस."

म्हातारीने विचारलं, "पंचवीस म्हणजे चांगलं का वाईट?"

"चांगलं, आजी. समुद्र अठ्ठावीस आहे."

"म्हणजे आमचं समुद्राहून कमी?" म्हातारीला ते लागलं. मग भाऊंनी तिला पायरीवर बसून समजावलं की इथे कमी असतं तेच वरचढ. अर्ध्या तासाने भाऊ विहिरीत पोहत होते आणि म्हातारी काठावर कपडे धरून उभी होती. पुढे कधीही आम्ही त्या बाजूला गेलो की म्हातारी शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, आमचं पंचवीस आहे ना अजून?

कपडे धरायचं असं का, ते सांगायला हवं. भाऊ डहाणूच्या किनाऱ्यावरच्या मासेमार घरातले. भावाची होडी, बहीण मासे सुकवून बाजारात विकणारी. बारावी सायन्स करून शाळेत लागलेले घरात हे एकटेच, आणि लग्नाच्या भानगडीतही ते पडले नाहीत. त्यांच्या घरची रीत अशी की कोणी पाण्यात उतरलं तर दुसऱ्या कोणी कोरडे कपडे घेऊन किनाऱ्यावर उभं राहायचं. बोर्डीला ओहोटीचं पाणी इतकं आत जातं की फेसाची रेघ दिसेनाशी होते. कपडे सुरूच्या झाडांखाली ठेवून पोहायला गेलात तर परत येईपर्यंत अंगावर वारं खात अर्धा मैल चालावं लागतं. पाण्याजवळ ठेवलेत तर भरती घेऊन जाते. म्हणून कपडेवाला पाण्याच्या कडेला उभा राहतो आणि भरती येईल तसा एकेक पाऊल मागे सरतो. त्याने बसायचं नाही. पाण्याकडे पाठ करायची नाही. पोहणारा मधूनमधून हात वर करतो, तेव्हा यानेही हात वर करून उत्तर द्यायचं. आणि बाहेर यायची जी जागा ठरली असेल, तिथून पोहणाऱ्याने हलायचं नाही. कपडे तिथे येतात.

"माणूस पाण्यात गेला ना सर, की तो निम्मा किनाऱ्यावर असतो. कपडेवाल्याच्या हातात."

मी बोर्डीला नवा होतो तेव्हा त्यांनी मला विचारलं, पोहता येतं का? मी ओशाळून नाही म्हणालो. भाऊ खूश झाले. "उत्तम. ज्याला पोहता येतं तो किनाऱ्यावर टिकत नाही." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी त्यांचा कपडेवाला झालो. आता मी पुण्याला मुलीकडे राहतो, सकाळी फिरायला एका बागेत जातो, पण हातात कुणाचे कपडे नसल्याची जाणीव अजून होते. खाकी पॅन्टची घडी, तिच्यावर शर्ट, शर्टात चष्मा. सुरूच्या झाडांतून वाऱ्याचा तो एकसारखा आवाज. दूरवर काळा ठिपका, ठिपक्यातून वर आलेला हात. मी माझा हात वर करायचो. त्या वेळी माझ्याकडून कोणालाही याहून अधिक काही नको असायचं, आणि तेवढं मला नीट जमत होतं.

२०१४ च्या डिसेंबरात किनाऱ्यावर एक परदेशी तरुण आला. पाठीवर त्याच्याएवढीच मोठी सॅक. त्याने खाणाखुणांनी आम्हाला सॅक बघायला सांगितली आणि सरळ पाण्यात शिरला. भरती लागली होती. भाऊंनी त्याची ती धोंड्यासारखी सॅक तीनदा उचलून मागे आणली आणि दीड तास उभे राहिले. तो बाहेर आला तेव्हा चकित झाला. चहाच्या टपरीवर मी दुभाष्या झालो. तो झुरिकचा होता. त्याने सांगितलं की त्याच्या शहरात भर वस्तीला लागून मोठं तळं आहे, स्वच्छ, आणि त्यात कोणीही, कुठेही, फुकट पोहू शकतं. शहर मात्र इतकं महाग आहे की तो स्वतः हिंडायला इकडे येतो.

भाऊंनी एकच प्रश्न विचारायला लावला. "तिकडे कपड्यांपाशी कोण असतं?"

कोणी नाही, तो म्हणाला. कपडे गवतावर ठेवायचे आणि जायचं. कोणी हात लावत नाही.

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. मग मला म्हणाले, "एवढं श्रीमंत शहर, आणि कपड्यांपाशी उभं राहायला माणूस नाही?"

तिथून ते डोक्यात बसलं. त्यांना तिथले डोंगर बघायचे नव्हते, बर्फ बघायचा नव्हता. त्या तळ्याचा आकडा हवा होता. दीड वर्ष त्यांनी तयारी केली. आखाती देशातून जाणारं स्वस्तातलं तिकीट, मुक्कामाला एका खोलीत सहा जणांची तरुण मुलांची वसतिगृहासारखी जागा, आणि बरोबर पाच दिवसांचं खाणं. मला बरोबर नेणार हे त्यांनी परस्पर ठरवलं होतं. कपडेवाल्याशिवाय ते पाण्यात उतरत नसत. मी तयार झालो, त्यात निम्मा मान होता आणि निम्मा मोह. युरोप बघायची संधी मला आयुष्यात दुसऱ्या कोणी देणार नव्हतं.

त्यांची बहीण सगळ्या बाजारात सांगत सुटली, "समुद्र दाराशी आहे, आणि आमचा भाऊ विमानात बसून पाण्यात उतरायला चाललाय." व्हिसाच्या खिडकीवरच्या मुलीने प्रवासाचा उद्देश विचारला तेव्हा भाऊ म्हणाले, पोहणं. स्पर्धा आहे का, तिने विचारलं. "नाही. आपलं आपलं," भाऊ म्हणाले. मी मधे पडून 'पर्यटन' असं लिहायला लावलं. आता वाटतं, त्यांच्याबद्दल मला वाटणारी लाज तिथेच पहिल्यांदा तोंड काढून गेली होती.

२०१६ च्या मेच्या सुट्टीत आम्ही गेलो. पाऱ्याचं थर्मामीटर विमानात चालत नाही म्हणून लाल द्रवाचं घेतलं होतं. पहिले दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. भाऊंनी त्या शहरात जवळजवळ काहीच विकत घेतलं नाही. चौकाचौकात पिण्याच्या पाण्याची कारंजी होती; त्यांनी प्रत्येकाचा आकडा घेतला आणि प्रत्येकाचं पाणी प्यायले. मुक्कामाच्या स्वयंपाकघरात एक फळी होती. जाणारी मुलं उरलेला शिधा तिच्यावर ठेवून जात आणि येणारी मुलं तो वापरत. ही कल्पना भाऊंना इतकी आवडली की ते रोज त्या फळीला भेट देत. तिच्यावरून अर्धं पाकीट तांदूळ घेतले, तर बोर्डीच्या चिकूच्या सुक्या चकत्यांची पिशवी ठेवली. कोरियाच्या एका मुलीने त्या खाऊन पाहिल्या आणि त्याबद्दल वाकून नमस्कार केला. भाऊंनीही वाकून केला. पुढचे दोन दिवस दोघं समोरासमोर आले की वाकत होते.

आणि तळं. सकाळी त्याच्या टोकाला पांढरे डोंगर दिसायचे, काठाला हंस, मागे ट्रामची घंटा. भाऊंनी दोरी सोडली, दोन मिनिटं आम्ही गप्प उभे राहिलो, आणि त्यांनी वाचलं. "चौदा." मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, "चौदा, सर. आपल्या समुद्राच्या निम्मं." हसताना त्यांचे डोळे भरले होते. ते पाण्यात उतरले, दम कोंडला, हुप्प आवाज काढला आणि पोहायला लागले. आजूबाजूला माणसं कपडे गवतावर टाकून बिनधास्त पाण्यात होती. त्या सगळ्या काठावर हातात कपडे धरून उभा असलेला मी एकटा. भाऊंनी हात केला, मी हात केला. एका लहान मुलीने मला पाहून हात केला, मी तिलाही केला.

तिसऱ्या दिवशी भाऊंना काठाकाठाने लांब जायचं होतं. एका मोठ्या झाडाखाली उतरायचं आणि अर्ध्या किलोमीटरवर दगडी पायऱ्या होत्या, तिथे बाहेर यायचं. मी काठावरच्या रस्त्याने बरोबरीने चालत जायचं, बोर्डीला भरतीबरोबर मागे सरतो तसंच. आभाळ आलं होतं, वारं होतं. कपडे उडू नयेत म्हणून मी ते माझ्या सॅकमध्ये टाकले. भाऊ उतरले. खाकी हाफपॅन्ट, आणि गळ्यात दोरीने बांधलेली बांबूची नळी.

मी शंभरेक पावलं चाललो असेन, तोच मराठीत हाक आली.

माझ्याबरोबर कॉलेजात असलेला एक जण. आता मुंबईत मोठ्या हुद्द्यावर. बायको बरोबर, गळ्यात टूर कंपनीचं कार्ड, मागे त्यांची वीस-पंचवीस जणांची तुकडी. कॉलेजच्या स्नेहमेळाव्यात हा भेटला होता, तेव्हा बोर्डीला शिकवतो म्हटल्यावर त्याने "छान, शांत जागा," असं म्हणून विषय बदलला होता.

"अरे, तू इथे? कुठल्या टूरने?"

मी म्हणालो, "टूर नाही. शिक्षकांची परिषद आहे."

का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सॅकच्या तोंडातून खाकी पॅन्टचा पाय बाहेर आला होता, तो मी आत ढकलला.

तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "तो पाण्यातला माणूस तुम्हाला हात करतोय का?"

भाऊंनी हात वर केला होता. नेहमीसारखा, सरळ, बोटं मिटलेली.

"नाही हो," मी म्हणालो. "इथले लोक करतात असं कोणालाही."

"दिसतो तर आपल्याकडचा. आणि गळ्यात काय बांधलंय ते बघा."

ती हसली, तो हसला. मीही हसलो. भाऊंचा हात अजून वर होता. माझे दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांना धरून राहिले.

हॉटेल जवळच आहे, कॉफी घेऊ, असं तो म्हणाला आणि मी त्याच्याबरोबर निघालो. दहा मिनिटांत परत येऊ, असं मी स्वतःला सांगितलं. पाण्याकडे पाठ केली. हॉटेलात मऊ खुर्च्या होत्या. मी परिषदेबद्दल बोललो. परिषदेत वाचणार असलेल्या माझ्या निबंधाचा विषयसुद्धा सांगितला. दहा मिनिटांनी मला उठता आलं असतं. पण उठून कुठे जातो, हे सांगावं लागलं असतं. तुकडीची बस आली तेव्हा ते उठले, म्हणून मी उठलो.

तळ्यापर्यंत मी धावत गेलो. भाऊ ठरलेल्या पायऱ्यांवरच होते. उभे. ओठ निळे पडले होते, गुडघे हलत होते. खांद्यावर फुलाफुलांचा एक टॉवेल होता आणि तो ज्यांचा होता त्या आजीबाई शेजारच्या पायरीवर बसून होत्या. मी दिसताच भाऊंनी हात वर केला. या वेळी मी केला. आजीबाई माझ्याकडे बघून त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलल्या. ते मला कळले नाहीत, पण पुरेसे कळले. भाऊ मात्र त्यांना मराठीत म्हणाले, "आले बघा आमचे सर."

मग मला विचारलं, "वाट चुकली का, सर?"

"हो," मी म्हणालो.

"होतं असं. सगळे रस्ते सारखेच आहेत इथे."

त्या काठावर शंभर माणसांचे कपडे गवतावर पडले होते आणि सगळ्यांना आपापले मिळाले. भाऊंचे राखायला माणूस होता, म्हणून त्यांचे तेवढे गेले.

संध्याकाळी त्यांना ताप भरला. तळ्याच्याच थर्मामीटरने त्यांनी तो पाहिला: एकोणचाळीस. उरलेले दोन दिवस ते त्या सहा जणांच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर पडून होते. शेवटच्या दिवशी सूर्य उगवताना पाण्यात असायचं, हे त्यांनी दीड वर्ष मनात धरलं होतं. ते राहिलं. त्यांच्या सांगण्यावरून मी एकटा पहाटे तळ्यावर गेलो, दोरी सोडली, दोन मिनिटं थांबलो आणि आकडा चिठ्ठीवर लिहून आणला. भाऊ वहीत उतरवायला लागले. कपड्यांपाशी कोण, या रकान्याशी थांबले आणि तिथे आडवी रेघ मारली. "उतरलंच नाही कोणी," म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे, वहीकडे बघून.

बोर्डीला परत आल्यावर टपरीवर सगळे जमले. किनाऱ्याला लागून सुरूच्या सावलीत ती टपरी होती. रविवारचे पोहणारे, शाळेतले दोघे-तिघे, कधी मासे घेऊन जाता जाता थांबलेली भाऊंची बहीण. कसं झालं, सगळ्यांनी विचारलं. मी मान खाली घालून बसलो होतो. आणि भाऊ सांगायला लागले.

"जन्म समुद्रात गेला, आणि तळ्यात पायऱ्या चुकलो. ठरलेल्या सोडून भलत्याच पायऱ्यांना लागलो. सर बिचारे दोन तास मला शोधत काठाने धावतायत. आणि मी उभा, एका बाईचा फुलाफुलांचा टॉवेल घेऊन. नवरीसारखा."

सगळे पोट धरून हसले. बहीण म्हणाली, "वाटलंच होतं मला. चष्मा काढला की याला स्वतःचं घर दिसत नाही." मी मान वर केली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही हसलो.

मग ती गावाची ठरलेली गोष्टच झाली. कोणी नवा आला की भाऊंना सांगायला लावत. मुलं त्यांना बघून कुजबुजत. किनाऱ्यावर, जिथे मैलभर एकही पायरी नाही, तिथे लोक विचारत, "भाऊ, आज कुठल्या पायऱ्या?" भाऊ दर वेळी हसून उत्तर देत आणि मी दर वेळी त्यांचे कपडे धरून शेजारी उभा असे. भाऊंना खरं माहीत आहे की नाही, हे मला कळत नव्हतं. मला खरोखर वाट चुकलेला समजून ते पांघरूण घालत असतील, असं मी स्वतःला समजावत असे.

दोनदा मी सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तोंडाने जमेना म्हणून मुंबईहून बॅटरीवर चालणारं महागडं थर्मामीटर आणून दिलं. आकडा क्षणात दिसायचा. भाऊंनी ते शाळेच्या टाकीत बुडवलं, बघितलं आणि पुसून परत दिलं. "छान आहे, सर. पण थांबावंच लागत नाही. मग पाण्यापाशी जाऊन करायचं काय?" दुसऱ्यांदा तलासरीहून झरीला जाणाऱ्या बसमध्ये. झरीच्या तळ्यावर ते पाड्यातल्या पोरांना पोहायला शिकवत आणि आधी एकमेकांचे कपडे धरायला शिकवत. मी म्हणालो, भाऊ, त्या तळ्यावर त्या दिवशी… भाऊंनी खिडकीबाहेर बोट केलं. "भात बघा, सर. या वर्षी पाणी टिकेल डिसेंबरपर्यंत." आणि मला सुटका झाल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला त्या दिवसाच्या लाजेहून कमी नाही.

२०१९ च्या मे महिन्यात भाऊ निवृत्त झाले. प्रयोगशाळेचं कपाट रिकामं करायला मी मदत करत होतो. ते काचेची भांडी मोजून द्यायला मुख्याध्यापकांकडे गेले आणि मी वह्या बांधत होतो. २०१६ ची वही वर होती. मी मेचं पान काढलं.

पहिला दिवस: झुरिक, चौदा, कपड्यांपाशी सर. दुसरा दिवस: चौदा, कपड्यांपाशी सर. तिसरा दिवस: चौदा. त्या दिवशीसुद्धा त्या रकान्यात 'सर' असंच लिहिलं होतं. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जो मी वर्षानुवर्षं रिकामा पाहिला होता, बारीक अक्षरात एक ओळ होती:

"हात केला. त्यानंतर जास्त गार लागलं."

मी वही बांधली. भाऊ परत आले, म्हणाले, झालं का, सर? मी म्हणालो, झालं.

त्यानंतरच्या रविवारी टपरीवर नेहमीपेक्षा गर्दी होती. निवृत्त माणसाचा पहिला रविवार म्हणून सगळे आले होते, बहीणही टोपली खाली ठेवून बसली होती. शाळेत नुकताच लागलेला एक शिक्षक होता. त्याला कोणीतरी म्हणालं, तुम्ही पायऱ्यांची गोष्ट ऐकली नसेल. भाऊंनी बशी खाली ठेवली आणि सुरुवात केली. "जन्म समुद्रात गेला, आणि तळ्यात पायऱ्या…"

"पायऱ्या बरोबर होत्या," मी म्हणालो.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. सगळे माझ्याकडे वळले. कोणाला तरी ही गोष्टीतलीच नवी भर वाटली आणि ते हसायला लागले. भाऊ हसले नाहीत.

"राहू द्या ना, सर," ते हळूच म्हणाले.

मी उभा राहिलो. बसून मला ते बोलता आलं नसतं.

"भाऊ ठरलेल्या पायऱ्यांवरच उभे होते. दोन तास. मी वाट चुकलो नव्हतो, भाऊ. माझ्या ओळखीचं माणूस भेटलं, आणि तुम्ही माझे कोणी आहात असं म्हणायची मला लाज वाटली. तुम्ही हात केलात, तो मी पाहिला होता. तुमचे कपडे पाठीवर घेऊन मी कॉफी प्यायला गेलो. तीन वर्षं तुम्ही माझी चूक स्वतःवर घेऊन सांगताय आणि मी इथे बसून हसतोय. मला माफ करा."

बहीण माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिने तोंड समुद्राकडे वळवलं. भाऊंनी बशीतला चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली. दूरवर पाणी वळलेलं दिसत होतं.

ते उठले. खिशातली नळी काढून गळ्यात घातली, शर्टाची बटणं काढली, शर्टाची घडी केली, तिच्यात चष्मा ठेवला, आणि ती घडी माझ्यासमोर धरली.

"भरती लागली, सर," ते म्हणाले. "चला."